मेंढरं थांबत न्हाईत

जालना
८ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

पत्र बघून घाबरू नको. कुणी गेलेलं नाही. पोस्टमनने हे तुझ्या हॉटेलात आणून दिलं की तू आधी हात पुसशील, मग मामांना हाक मारशील आणि पाकीट फोडायच्या आधीच रडायची तयारी करशील, हे मला इथं बसून दिसतंय.

फोन बंद ठेवलाय. वाजला की उचलावासा वाटत नाही. गेल्या महिन्यात अशक्तपणा वाटायला लागला म्हणून सरकारी दवाखान्यात गेले होते. तिथं नागसेन सर म्हणून समुपदेशक आहेत, म्हणजे गोळ्या डॉक्टर देतात आणि हे फक्त बोलतात. ते म्हणाले, फोन नको वाटतो तर पत्र लिही, ज्याला लिहावंसं वाटेल त्याला. मला तूच आठवलीस.

सरांनी मला एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, तुमच्या घरात कुणी रडलं तर बाकीचे काय करतात? मला हसू आलं. आपल्या घरात एकच तर वाक्य आहे. मी सायकलवरून पडले तेव्हा आबांनी तेच म्हटलं. आजी गेली आणि मम्मी चुलीपुढं रडत होती, तेव्हाही तेच. मेंढरं थांबत न्हाईत. मेंढरं विकली तेव्हा माझा जन्मसुद्धा झालेला नव्हता. आता आपल्याकडं चार एकर आणि दोन शेळ्या आहेत, तरी मेंढरं काही थांबायला तयार नाहीत.

सर म्हणाले, हे वाक्य पहिल्यांदा कुणी म्हटलं आणि का, हे घरात कुणाला माहीत आहे? तू थोरली, म्हणून तुला विचारते. आणखी एक. पप्पा जूनपासून माझ्याशी बोलत नाहीत. कॉलेजला जावंसं वाटत नाही एवढंच मी म्हणाले होते.

मामांना नमस्कार.

तुझी
प्रांजली


वडीगोद्री
१४ ऑगस्ट

चि. प्रांजलीला जयवंताआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तव्हा गिऱ्हाईक बसलेलं, अन् इकडं दूध उतू गेलं. पोस्टमन म्हणे, बाई, आजकाल लग्नपत्रिकेबिगर काही येत न्हाई, हे काय आलं? तुझे मामा म्हनले, आधी वाच, मंग रड. बराबर ओळखलंस मला, लबाडे.

अशक्तपणा म्हनलीस ते पटलं. डब्याचं खाणं ते, त्यात काय जीव असतो? शेंगदाण्याचे लाडू पाठवून राह्यले. यष्टीच्या कंडक्टरजवळ दिलेत, स्टँडवर जाऊन घे. पिशवीत एक काळा दोरा हाये. हसू नको. इथल्या एका म्हाताऱ्या बाबानं मंतरून दिलाय, उजव्या हाताला बांध. एवढी शिकलीस म्हणून काय नजर लागायची थांबते?

तुझ्या बापाचं मनावर घेऊ नको. आबाचंच पोरगं ते. मी शाळा सोडणार न्हाई म्हनले तव्हा आबा माझ्याशी सव्वा वर्ष बोलला नव्हता. सव्वा वर्षानं म्हनला, पाणी दे. मी दिलं. संपलं. आपल्यात असंच असतं. बिभ्या पोळ्यापर्यंत येईल ताळ्यावर.

अन् ते वाक्य कुणी काढलं हे काय विचारतो तुझा सर? जुनं हाये ते. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाचं बोलणं. त्याचा अर्थ वाईट न्हाई. दुःख धरून बसायचं न्हाई, चालत राह्यचं, एवढाच. तूबी तेच कर. जल्दी उठत जा, आंघोळ कर, दोन घास जास्त खा अन् कॉलेजला जा. मेंढरं थांबत न्हाईत, माय.

तुझी आत्या
जयवंता


जालना
२१ ऑगस्ट

आत्या,

लाडू मिळाले. माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या दैवशालाने चार खाल्ले, मी एक. दोरा बांधला नाही. उशाखाली ठेवलाय.

मागच्या पत्रात मी अशक्तपणा लिहिलं ते खोटं होतं. जुलैमध्ये मला जगावंसं वाटत नव्हतं. एखाद्या दिवशी नाही, रोज. सकाळी जाग आली की वाटायचं, परत का आली ही सकाळ. मी कुणाला काही बोलले नव्हते, पण दैवशालाने ओळखलं. बदनापूरची आहे ती, फार बोलत नाही. एका शुक्रवारी ती म्हणाली, तू मला खरं सांग, मी ओरडणार नाही. मी सांगितलं. ती खरंच ओरडली नाही. दर शनिवारी घरी जाते ती, त्या शनिवारी गेली नाही. दोन दिवस माझ्याजवळून हलली नाही आणि सोमवारी मला दवाखान्यात घेऊन गेली. केसपेपर तिनेच काढला. नाव, वय, गाव सगळं तिनेच सांगितलं.

कारण विचारू नको. सगळे कारण विचारतात आणि माझ्याकडं दाखवण्यासारखं एकही नाही. मला कुणी मारलं नाही, कुणी फसवलं नाही, नापासही झाले नाही.

जूनमध्ये हे नुकतं सुरू झालं होतं, तेव्हा मी पप्पांना सांगायला घरी गेले होते. अर्धंच सांगता आलं, मग रडू आलं. ते म्हणाले, मेंढरं थांबत न्हाईत, आणि उठून शेळ्यांना पाणी पाजायला गेले. तेव्हापासून बंद. मी समोर बसलेली असताना मम्मीला म्हणायचे, तिला म्हणावं जेवून घे. मी तिथंच होते आत्या, हाताच्या अंतरावर.

ते वाक्य मला परत लिहू नकोस. रागाने नाही सांगत. ते ऐकलं की मला वाटतं, सगळे पुढं निघून गेले, मी रस्त्यातच पडले आणि आता कुणी मागं वळून बघणार नाही.

प्रांजली


जालना
१० सप्टेंबर

आत्या,

तीन आठवडे झाले. पोळा होऊन गेला. पप्पा ताळ्यावर आले नाहीत आणि तुझंही पत्र नाही.

तूसुद्धा अबोला धरलास का? धरला असशील तर एका ओळीत तसं कळव. म्हणजे मी पोस्टमनची वाट बघणार नाही.

गोळ्या चालू आहेत. दर सोमवारी सरांकडं जाते.

प्रांजली


वडीगोद्री
१३ सप्टेंबर

प्रांजे, माझ्या माय,

अबोला न्हाई गं. चार पत्रं लिहिली अन् चारी चुलीत घातली. मी रस्त्यातच पडले अन् कुणी मागं वळून बघणार न्हाई, हे तू लिहिलंस, तव्हापासून माझा हातच चालंना.

आधी तुझं. तू जे लिहिलंस ते मी सात डाव वाचलं. पोरगी मराया निघाली अन् मी लाडू पाठवून राह्यले, काळा दोरा पाठवून राह्यले! माझी मलाच लाज वाटली. त्या दैवशालाला सांग, आजपासून ती माझ्या पोटची लेक. गोळ्या बिलकुल सोडू नको. तसलं काही मनात आलं की पोटात ठेवू नको. दैवशालाला सांग, सरला सांग, न्हाई तर फोन चालू करून मला नुसती एक रिंग दे. चुलीवरचा चहा तसाच टाकून येईन मी, तुझे मामा बोंबलू देत.

आता तुझ्या सरच्या सवालाचं. त्या वाक्याचं मला ठाव न्हाई असं मी दाखवलं. मला ठाव हाये.

आम्ही दोन भावंडं न्हाई, तिघं होतो. सगळ्यात धाकटा भुजंग. भुज्या म्हणायचो. ह्या कार्तिकात चाळीस वर्षं होतील. मी बारा वर्षांची, तुझा बाप सात, भुज्या तीन. मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघाल्तो. ह्याच वडीगोद्रीच्या शिवारात एका शेतकऱ्यानं तीन रात्री मेंढरं बसवली होती, रानाला खत व्हावं म्हणून. तिसरी रात्र सरली अन् सकाळी बिऱ्हाड घोड्यावर लादायचं चाल्लं होतं. आई म्हनली, जयवंते, भुज्याचं अंग बघ बरं, कढत हाये का. मी हात लावला. तव्यावानी तापलं होतं पोर. अन् मी म्हनले, न्हाई, बराय.

काऊन म्हनले? आजारी लेकरू घोड्यावर बसत न्हाई, काखेत घ्यावं लागतं. आईच्या डोक्यावर पाटी. म्हणजे दिवसभर मलाच घ्यावं लागलं असतं. माझ्या टाचा फुटल्या होत्या. एवढंच कारण. चाळीस वर्षं झाली, ह्याच्यापेक्षा मोठं कारण मला सापडलं न्हाई.

उन्हं चढल्यावर आईनं स्वतः हात लावला. ती आबाला म्हनली, दोन दिवस थांबू. आबा म्हनला, मेंढरं थांबत न्हाईत. ते वाक्य मी त्या दिवशी पयल्यांदा ऐकलं. दुपारून भुज्या गेला. शिवारसुद्धा ओलांडलं नव्हतं आम्ही. बांधावरच्या बाभळीखाली मातीआड केला त्याला अन् पुढच्या रानात दिवस मावळायच्या आत पोचायचं म्हणून निघालो. मी मागं वळून बघत होते, तव्हा आईनं माझी मान धरून पुढं केली.

त्याच्यानंतर घरात त्याचं नाव कुणी घेतलं न्हाई. आई रडली की आबा तेच म्हणायचा. मंग आईबी तेच म्हणाया लागली, मंग मी. परवा तुला लिहिलं ते तेच. तुझी आई मीना वीस वर्षांपासून त्या घरात नांदून राह्यली, तिलासुद्धा ठाव न्हाई असं एक लेकरू होतं म्हणून.

नशीब बघ, मला दिलं ते ह्याच गावात. दरसाल कार्तिकात मी त्या बाभळीखाली वाटीभर दूध ठेवते. मंग रोड रुंद झाला, बाभळ गेली, बांध गेला. आता अंदाजानंच रोडच्या कडेला ठेवते. लोकांना वाटतं कुत्र्यासाठी ठेवते बाई. अन् पितंबी ते कुत्रंच.

पित्तरं येऊन राह्यलेत. मी माहेरी जाणार हाये. ह्या साली भुज्याचं नाव घेणार. आबा परत सव्वा वर्ष बोलला न्हाई तरी चालंल, पण माझ्या पोरीला मी रस्त्यात पडू देणार न्हाई.

तुझीच
जयवंताआत्या


कुंभार पिंपळगाव
२९ सप्टेंबर

चि. प्रांजली हिला बिभीषणचा आशीर्वाद.

पत्राची सवय न्हाई. दहावीच्या पेपराला लिहिलं होतं, तेबी काल्पनिक मित्राला. चूकभूल समजून घे.

कापूस बरा हाये. भुरी शेळी व्याली, दोन करडं. तुझ्या मम्मीची तब्येत ठीक.

अक्का वडीगोद्रीहून गेल्या आठवड्यात पित्तराला आल्ती. पानं वाढून झाल्यावर तिनं एक पान जास्तीचं मांडलं अन् म्हनली, हे भुज्याचं. तुझी मम्मी म्हनली, कोण भुज्या? आबा उठून चालला. अक्का म्हनली, आबा, बस. मेंढरं विकली आपण. आबा खाली बसला. असं मी जन्मात बघितलं न्हाई.

मंग अक्कानं तिचं सांगितलं, अंगाला हात लावून खोटं बोलली ते. तुला लिहिलंय म्हनली. ती रडून राह्यली अन् मी डोळे फाडून तिच्याकडं बघून राह्यलो, काऊन तं मला वाटायचं की भुज्या माझ्यामुळं गेला. आदल्या दिवशी मीच त्याला ओढ्यात नेलं होतं. दुपारभर पाण्यात खेळवलं. तो काकडला, तरी मी त्याला बाहेर काढलं न्हाई, अन् आईला सांगशील तर मारीन म्हनलो. त्यानं कुणाला सांगितलं न्हाई. मीबी न्हाई. त्या पानापुढं पयल्यांदा बोललो.

आमच्या दोघांचं आबानं ऐकून घेतलं. मंग म्हनला, तुम्ही लेकरं होता. बाप मी होतो. आई थांबू म्हनली तव्हा, ज्याच्या रानात मेंढरं बसली होती त्या शेतकऱ्यानं आबाला सांगितलं होतं, अंबडला डॉक्टर हाये, घोडा घे अन् पोराला घेऊन जा, मेंढरं मी बघतो. आबा न्हाई म्हनला. परक्या माणसाच्या भरवशावर मेंढरं कशी सोडायची, म्हणून. आबा ऐंशीचा झाला. त्यानं तोंडावर उपरणं घेतलं अन् लेकरावानी रडला. तुझ्या मम्मीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मेंढरं थांबत न्हाईत असं कुणी म्हनलं न्हाई. भुज्याचं पान तसंच मांडलेलं होतं.

तू जूनमध्ये आली अन् रडली, तव्हा मला काय करावं ते समजंना. मला वाटलं, बोललो तर माझ्या तोंडून काही वाकडं निघंल. त्याच्यापेक्षा गप्प बसावं, आपोआप जाईल. मी तुला टाकलं नव्हतं. पण तुला तसं वाटलं, म्हणजे टाकलंच. अक्कानं सांगितलं, तुझ्या मनात काय आल्तं ते. मी त्या दिवशी रानात जाऊन बसलो.

मला बोलता येत न्हाई, पोरी. एक येतं. आपल्याकडं मेंढरं होती तव्हा एखादी मेंढी व्याली अन् तिनं कोकराला जवळ घेतलं न्हाई, लाथ मारली, की ते काम माझ्याकडं असायचं. कोकराच्या अंगाला मीठ चोळायचं, मेंढीपुढं ठेवायचं अन् बसायचं. ती चाटाया लागंस्तोवर हलायचं न्हाई. कव्हा दोन घटका लागायच्या, कव्हा दोन दिवस. मी कंटाळायचो न्हाई. एकबी कोकरू माझ्या हातचं गेलं न्हाई.

पुढल्या सोमवारी, सात तारखेला, सकाळच्या गाडीनं येतो. तुझ्यासोबत दवाखान्यात बसंन. तू बोलली तर बोल, न्हाई बोलली तर राहू दे. मी बसतो.

तुझा
पप्पा


जालना
१८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

परवा सगळे तुझ्याकडं येऊन गेलो, तरी हे पत्र लिहिते, कारण निघाल्यावर जे झालं ते तू बघितलं नाहीस. फोनवर सांगितलं असतं, फोन आता चालू असतो. पण हे लिहूनच सांगायचं होतं.

आधी माझं. मी एकदम बरी झालेली नाही. काही सकाळी अजून उठवत नाही. पण जुलैसारखं वाटत नाही, आणि वाटलं तर काय करायचं हे मला आणि दैवशालाला दोघींनाही माहीत आहे. पप्पा सात सोमवार आले. पहिल्या सोमवारी बाकावर बसून आम्ही चार तासांत मिळून सहा वाक्यं बोललो असू. त्यातलं एक होतं, चहा घेते का? आत नागसेन सरांनी त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? पप्पा म्हणाले, हे मला कुणी विचारलंच न्हाई. आणि रुमाल काढला. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. काय करावं ते मला कळेना, तर मीही बसून राहिले.

आता परवाचं. तू आबांच्या हातात वाटी दिलीस, त्यांनी रस्त्याच्या कडेला दूध ठेवलं, आणि ते कुत्रं आलं तेव्हा तू त्याला हाकलायला निघालीस, तर आबा म्हणाले, पिऊ दे. ते सगळं तू पाहिलंस. त्यानंतर आम्ही निघालो. शेजाऱ्याची गाडी, पप्पा चालवत होते, आबा पुढं, मी आणि मम्मी मागं. तीर्थपुरीकडं वळलो आणि थोडं पुढं गेलो तर रस्त्यात मेंढरं. दोन-अडीचशे तरी असतील. पुढं एक मेंढका, मागं लादलेला घोडा, आणि घोड्यावर सामानाच्या मध्ये गुंडाळून बसवलेलं एक लहान पोर. त्याची आई लगाम धरून चालत होती.

आबा म्हणाले, गाडी थांबव. गाडी थांबलेलीच होती. ते दार उघडून खाली उतरले, काठी गाडीतच विसरून. तडक त्या बाईकडं गेले आणि म्हणाले, लेकराला ताप हाये का? ती बाई दचकली. म्हणाली, न्हाई बाबा, झोपलंय. आबांनी तिचं ऐकलं नाही. हात वर करून पोराच्या कपाळाला लावला, मग गळ्याला, मग पोटाला. पोर जागं झालं आणि रडायला लागलं. आबा म्हणाले, गार हाये. त्या बाईला तीन-चार वेळा सांगितलं, गार हाये माय, गार हाये.

पुढच्या मेंढक्याने मागं वळून बघितलं. म्हातारा माणूस घोड्याजवळ का उभा राहिलाय हे त्याला कळलं नसावं. त्याने जिभेने काहीतरी आवाज काढला, मला तसा काढता येणार नाही. पुढची मेंढी थांबली. तिच्यामागच्या थांबल्या. मग सगळीच मेंढरं थांबली आणि रस्त्याच्या कडेचं गवत खायला लागली.

आबा त्यांच्या मधोमध उभे होते. एकदा या बाजूला बघत, एकदा त्या बाजूला. मग पप्पांना म्हणाले,

"बिभ्या, थांबतेत की रे."

पप्पा गाडीतून उतरले आणि आबांचा हात धरला. मीही उतरले, मम्मीही. मागं दोन ट्रक येऊन हॉर्न वाजवत होते. आम्ही कुणी हललो नाही.

तुझी
प्रांजली